प्रासंगिक करार

पत्रिकेच्या तळाला बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘कृपया आहेर आणू नयेत.’ मी पत्रिका काकूच्या हातात दिली, तर तिनं चष्मा न शोधताच विचारलं, “आयेराचं काय लिव्हलंय?”

“आणू नका म्हणून लिहिलंय.”

“मग ही वही काऊन काढली मी?”

वही तिच्या मांडीवर होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, उभट, कोपरे झिजून गोल झालेली. एरवी ती नानांच्या पेटीत असायची. नाना माझे धाकटे चुलते. एसटीत कंडक्टर होते, जाफराबाद आगारातून निवृत्त झाले. नोकरीतली तिकिटांची पेटी आगारात जमा करावी लागली, तेव्हा तसलीच एक ॲल्युमिनियमची पेटी त्यांनी जालन्याच्या बाजारातून हुडकून आणली आणि घरचे सगळे कागद तिच्यात ठेवले. सातबारा, विजेची बिलं, मुलांच्या गुणपत्रिका आणि आहेराच्या वह्या. वह्या तीन. एक आजोबांची, दोन नानांच्या.

नाना पौषात गेले, २०२४ च्या जानेवारीत. आठ दिवसांचा न्यूमोनिया. नातीची सुपारी त्याआधीच फुटलेली. घरातलं माणूस गेलं की कार्य वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असा आमच्याकडचा रिवाज. तो कुणी घातला ठाऊक नाही. दुःखाला मुदत लावून देणारा माणूस बहुधा कारकून असावा. तारीख मात्र भटजींच्या आधी मिरचीनं ठरवली. दादाचं, म्हणजे नानांच्या मुलाचं, शेडनेट आहे. बियाण्याच्या कंपनीसाठी मिरचीचा प्लॉट. क्रॉसिंग चालू असताना त्याच्या घरातलं माणूस स्वतःच्या लग्नालासुद्धा उठणार नाही. फुलं कुणासाठी थांबत नाहीत. तेव्हा क्रॉसिंग संपल्यावरचा मुहूर्त धरला. तुळशीची लग्नं लागली, विधानसभेचा निकाल लागला आणि मार्गशीर्षात आम्ही सगळे जाफराबादला जमलो.

पत्रिकेचा मजकूर मी केला होता. निमंत्रकांत पहिलं नाव नानांचं. हाताच्या सवयीनं मी ‘श्री.’ टाइप केलं. प्रूफ पाहताना दादानं काही न बोलता ‘श्री.’ खोडून ‘कै.’ केलं, मग खाली भाऊबंदांच्या रांगेतल्या आणखी दोन चुका काढल्या. त्या गावांच्या नावांतल्या होत्या. पहिली पत्रिका राजूरच्या गणपतीपुढं ठेवायला आम्ही दोघं गेलो, जाताना-येताना खतांच्या भावाबद्दल बोललो.

नानांनी जितकी लग्नं पाहिली तितकी आमच्यात दुसऱ्या कुणी पाहिली नसतील, आणि एकाही लग्नातल्या मंगलाष्टका त्यांनी नीट ऐकल्या नसतील. त्यांची जागा मांडवाच्या तोंडाशी. एक टेबल, त्यावर काकूची जुनी साडी अंथरलेली, पुढं वही, कानावर पेन. येणारा माणूस पाकीट पुढं करायचा आणि नाना मान वर न करता विचारायचे, “कुठून?” आधी गाव, मग नाव, मग रक्कम. पाकिटात काय आहे ते माईकवर पुकारायचं की नाही, यावर दर लग्नात वाद व्हायचा. नाना पुकारू द्यायचे नाहीत. “तिकीट कितीचं काढलं ते शेजारच्या सीटला कशाला सांगायचं?” म्हणायचे.

त्यांच्या वहीत एक रकाना जास्तीचा होता. शेरा. वेबिलाची सवय. गाडी बंद पडली, पूल पाण्याखाली, अमुक फाट्यावर गर्दी, असलं वेबिलात लिहून लिहून त्यांना वाटायला लागलं असावं की शेऱ्याशिवाय कुठलाच हिशेब पुरा होत नाही. एका थोरल्या आत्यापुढं लिहिलंय, ‘साडी हलकी गेली, रुसून गेल्या, समजूत काढणे.’ त्याखाली सहा वर्षांनंतरच्या वेगळ्या शाईत, ‘काढली.’ एका मावसभावापुढं, ‘दिले ५१, सांगितले १०१. लिहिले ५१.’ एका विहिणीपुढं नुसतं, ‘बुंदी आवडली.’

आता हे सांगताना गोड लागतं, पण वहीचा धाकही होता. आपल्याला कुणी एकशे एक घातले असतील तर त्याच्या घरच्या कार्याला एकशे एकच्या खाली जायचं नाही, आणि वर गेलो तर त्याच्यावर ओझं. लग्नसराईत आमच्या घरी पहाटे पहिला आवाज चहाच्या भांड्यांचा नसायचा, पेटीच्या कडीचा असायचा. वही पाहिल्याशिवाय नाना लग्नाला निघत नसत. किती तरी बायांनी स्वतःला न नेसता ठेवून दिलेलं लुगडं असल्या परतफेडीत गेलंय. माझ्या आईचंही. म्हणून ‘आहेर आणू नयेत’ छापायचं ठरलं तेव्हा मी मनापासून हो म्हटलं होतं. आजही मला ते चूक वाटत नाही. फक्त काकूच्या मांडीवरची वही पाहिली आणि गप्प बसलो.

आजोबांची वही आम्हाला लहानपणी वाचता यायची नाही. निजामी शाळेत ते उर्दूतून शिकलेले. नावं मोडीत, आकडे उर्दू वळणाचे. नानांनी ती बसून उलगडली होती आणि समासात देवनागरी लिहून ठेवलं होतं. तिच्यात रकमांपुढं दोन प्रकारच्या खुणा आहेत, ‘हा’ आणि ‘क’. जाफराबाद निजामाच्या राज्यात, इथलं नाणं हाली. थोडं पुढं गेलं की देऊळगाव राजा, चिखली, म्हणजे वऱ्हाड. वऱ्हाड नावापुरतं निजामाचं, १८५३ पासून कारभार इंग्रजांचा, तिथला रुपया कलदार. आमच्या सोयरिकी दोन्हीकडं. एकाच मांडवात अर्धे पाहुणे हालीत आहेर घालायचे, अर्धे कलदारमध्ये. सात हाली म्हणजे सुमारे सहा कलदार. वऱ्हाडातल्या व्याह्यानं पाच घातले की ते जरा वजनदार पाच. आजोबांनी ते बरोबर ओळखून खूण केलेली. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला, तरी हाली नाणं पुढं काही वर्षं चाललं, आणि वहीतला ‘हा’ही तितकाच रेंगाळला. मग एका पानापासून तो दिसत नाही. पुढं वह्यांमधले पत्ते बदलत जातात. राज्य हैदराबाद, मग मुंबई, मग महाराष्ट्र. १९८१ पर्यंत जिल्हा औरंगाबाद, नंतर जालना. गावं तीच, माणसंही बहुतेक तीच.

बहात्तरच्या दुष्काळाला नानांच्या पहिल्या वहीत दीड पान मिळालंय. त्या वर्षी लग्नं फार झालीच नाहीत. झाली त्यांत ‘दोन पायल्या ज्वारी’, ‘एक कोंबडी’, ‘रोख नाही, मांडव घातला’ अशा नोंदी आहेत. एका लग्नापुढचा शेरा, ‘नवरी मुलगी खडीच्या कामावरून परस्पर हळदीला आली.’ ते लग्न कुणाचं, हे मी नानांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, “तुझ्या काकूचं.” म्हणजे त्यांचंच. स्वतःच्या लग्नाची नोंदसुद्धा त्यांनी मांडवातला नवरदेव म्हणून नाही, टेबलावरचा माणूस म्हणून केली होती.

२०२३ च्या सप्टेंबरात सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, निजामकाळातल्या कागदांत कुणबी नोंदी शोधायला. आमच्या जिल्ह्यात तेव्हा दुसरा विषय नव्हता. घराघरांतून ट्रंका उघडल्या. मोडी वाचणारा माणूस सापडला तर त्याला गाडी पाठवून आणायचे. आमच्याही भाऊबंदांना अचानक आजोबांची वही आठवली. पंधरा-वीस जण ओसरीवर बसले, नानांनी पानन् पान वाचून दाखवलं. दोन तास. जात कुठंच सापडली नाही. गाव, नाव, रक्कम, बस. एक तरुण पुतण्या चिडून म्हणाला, “आज्ज्यानं एवढं लिव्हलं, तर एक शबुद लिव्हायला काय झालं होतं?” नाना म्हणाले, “आहेर घालणाऱ्याला कोण जात विचारतं बाबा?” तो गेल्यावर मला हळूच म्हणाले, “विचारायचे. पण लिहायचे नाहीत.” नानांनी वही माझ्यासमोर उघडलेली ती शेवटची. त्यांच्या स्वतःच्या वहीत खूण म्हणून एसटीचं एक तिकीट होतं. पंचाहत्तरीच्या वरच्यांना मोफत प्रवास सुरू झाल्यावर नानांनी पहिल्यांदा घेतलेलं, शून्य रुपयांचं. “जन्मभर फुकट्यांना खाली उतरवलं,” म्हणाले, “आता मीच.”

हळदीच्या दिवशी दुपारपासून माणसं येत राहिली. आत्या, मावश्या, चुलतबहिणी. बायांना अर्ध तिकीट झाल्यापासून आमच्या घरच्या कार्याला बायकांची गर्दी वाढली आहे, हे मी गमतीनं नाही, पाहून सांगतो. पूर्वी नवऱ्याला सवड नसली की बाईचं माहेरचं लग्न हुकायचं. आता जावा-जावा मिळून एसटीत बसतात आणि येतात. धाकटी आत्या टेंभुर्णीहून नऊ जणी घेऊन आली. अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या तिनं मांडवाच्या तोंडाकडं पाहिलं. तिथं आता फुलांची कमान होती आणि तिच्यात नवरा-नवरीचे मोठे फोटो. ती काही बोलली नाही. चप्पल काढली, आत गेली आणि पहिल्यांदा काकूच्या शेजारी जाऊन बसली.

मांडवडहाळे आणायला आम्ही पोरं केळणेच्या कडेनं गेलो. केळणा आणि धामणा, दोन नद्या गावाला धरून आहेत. दोघी मिळून पुढं पूर्णेला जातात. आंबा, जांभूळ, उंबर. डहाळ्या तोडताना मला एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती मग दोन दिवस डोक्यातून गेली नाही.

१९९१ चा उन्हाळा. ताईचं लग्न, म्हणजे नानांच्या एकुलत्या एका मुलीचं. लग्न चिखलीकडं, मुलाच्या गावी. वऱ्हाडासाठी एसटी ठरवली होती. लाल गाडी, समोरच्या पाटीवर गावाच्या नावाऐवजी लिहिलेलं, ‘प्रासंगिक करार’. मी तेव्हा नववीत. अर्थ विचारला, तर नाना म्हणाले, “म्हंजी गाडी आजच्यापुरती आपली.”

ड्रायव्हर चाचा होते. नानांची आणि त्यांची जोडी, कित्येक वर्षं एकाच गाडीवर. चाचांनी ती ड्यूटी मागून घेतली होती. करारावरच्या गाडीत तिकीट फाडायचं नसतं. त्यामुळं नानांच्या हातांना काय करावं कळेना. ते बसले नाहीतच. पूर्ण रस्ताभर दाराच्या दांड्याला धरून उभे. निघताना त्यांनी माणसं मोजली. डोक्यावर हात न ठेवता, नुसत्या नजरेनं, ओठ हलवत. त्रेपन्न. मग दोरी ओढली, टण-टण, आणि गाडी हलली.

लग्न लागलं. पंगती उठल्या. तेव्हा पंगतीच होत्या, पळसाच्या पत्रावळी, बुंदी, वांग्याची भाजी, पुऱ्या. मुलाकडचे वाढत होते तरी नाना मधेच, “पुढं सरका, मधी जागा आहे,” म्हणून गेलेच. सगळे वाढून झाले की परातीवर पळीचे दोन ठोके, तेव्हा जेवायला सुरुवात. घरच्या कार्यात ही त्यांचीच रीत. (पुढं बुफे आला तेव्हा त्याला ते ‘उभ्यानं प्रवास’ म्हणायचे आणि स्वतः ताट घेऊन एका कोपऱ्यात खाली बसायचे.)

संध्याकाळी परतीला गाडीत बसलो. नानांनी मोजलं. बावन्न. पुन्हा मोजलं. मागच्या सीटवर झोपलेली पोरं उठवून मोजली. बावन्न. ते खाली उतरले, मांडवाकडं पाहिलं, परत चढले. तिसऱ्यांदा मोजायला लागले तेव्हा गाडीतल्या बाया बोलायच्या थांबल्या. काकूनं पदर तोंडात धरला. नानांना एकट्यालाच कळलेलं नव्हतं. चाचा आरशातून पाहत होते. ते वळले नाहीत. आरशातच म्हणाले, “नाना, बराबर है. चलो.”

नानांनी बराच वेळ दोरी हातात धरून ठेवली. मग ओढली. एकदाच. एक घंटी म्हणजे थांबा. चाचांनी गाडी काढली.

त्या दिवशीच्या पानावर शेऱ्यात फक्त दोन आकडे आहेत. ५३, आणि खाली ५२.

नातीचं लग्न चिखली रस्त्यावरच्या एका लॉनवर लागलं. डीजे, धूर, आकाशात उडणारा कॅमेरा. मंचावरच्या मोठ्या पडद्यावर मंगलाष्टकांच्या आधी मिनिटभर नानांचा फोटो दाखवला, ओळखपत्रावरचा, मोठा करून विरलेला. खाकी शर्ट, बिल्ला, कॅमेऱ्याकडं पाहताना कपाळावर आठी. कुणाचा तरी फोन वाजला, मग फोटो गेला आणि अक्षदा पडायला लागल्या. नवरीच्या मागं मामा उभा होता, करवल्या हसत होत्या, कानपिळीला दादाच्या धाकट्या पोरानं नवरदेवाचा कान इतका जोरात पिळला की फेटाच खाली आला. सगळे हसले, मीही. लग्न म्हणून ते चांगलंच झालं. तक्रारीला जागा नव्हती.

चाचा आले ते जेवणं चालू असताना. काठी टेकत, नातवाचा हात धरून. सरळ कमानीपाशी गेले आणि जिथं टेबल असायचं तिथं उभे राहिले. मी धावलो, खुर्ची दिली. त्यांनी खिशातून पाकीट काढलं.

“चाचा, आहेर घेत नाहीयेत. पत्रिकेत—”

“आहेर कोण देतंय? ये वापसी है.” त्यांनी पाकीट माझ्या हातात दाबलं. “नानानं मपल्या दोन पोरीच्या लग्नात वही लिहिली. आमच्यात बी लिहितात, नेवता म्हनतात. समदे उर्दूत लिहायचे, तुजा नाना मराठीत. नंतर आम्हालाच वाचाय येईना.” ते हसले. “लिहून घे. गाव जाफराबादच लिही.”

लिहायला काही नव्हतं. वही घरी होती. मी खिशातली पत्रिका काढली आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, गाव, नाव, रक्कम. शेऱ्यापाशी पेन थांबलं. चाचा वाट पाहत होते. मी तो रकाना मोकळा ठेवला. त्यांना जेवायला खाली बसायचं होतं. मी दोन ताटं आणली आणि आम्ही कनातीच्या आडोशाला सतरंजीच्या तुकड्यावर बसलो.

पोरगी गेली. पाठराखणीला धाकटी आत्या.

रात्री घर म्हणजे नुसती अंथरुणं. ओसरीवर, माडीवर, ओट्यावर, जिथं मिळेल तिथं लोक आडवे. काकू स्वयंपाकघरात, उलट्या ठेवलेल्या पातेल्याला टेकून बसलेली. “आन इकडं,” म्हणाली. मी पत्रिकेवरची नोंद वहीत उतरवली. एकच ओळ, एका लग्नाला. आमच्या घरच्या वह्यांत इतकं कोरं पान नाही.

“मागचं वाच. राह्यलेलं.”

शेवटच्या पानांवर नानांनी द्यायचं राहिलेलं वेगळं लिहून ठेवलं होतं. मी वाचत गेलो. गाव, नाव, रक्कम. काकू डोळे मिटून ऐकत होती. “गेला,” म्हणाली. पुढच्याला, “त्याचं फेडलं, ह्यायनं खोडायचं राह्यलं. खोड.” मग, “गेली बिचारी.” “हा पुण्याला गेला, पत्त्या नाही.” “गेला.” “ह्याच्या नातीचं माघात हाय. दोनशे एक ना? खूण कर. तुला यावं लागंल, दादाला मिरच्या हायेत.” मी खूण केली. त्या पानात शून्य रुपयांचं तिकीट होतं, ते परत तिथंच ठेवलं.

मला वाटलं झालं. वही मिटायला लागलो तर तिनं हात धरला.

“आज मानसं किती व्हती?”

“आचाऱ्यानं सातशे ताटं धरली होती, त्यातली साधारण—”

“ताटं नगं सांगू. मानसं किती?”

मी मोजली नव्हती. कुणीच मोजली नव्हती. दादाही तेवढ्यात दारात येऊन उभा राहिला होता, त्यानंही मान हलवली. काकूनं आमच्या दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं, शाळेतल्या पोरांकडं पाहावं तसं. मग पदर सावरून नीट बसली, डाव्या हाताची बोटं पुढं धरली आणि अंगठा करंगळीच्या पेरावर टेकवला.

“टेंभुर्णीचे नऊ,” ती म्हणाली. “लिव्ह.”